टबातली पहिली अंघोळ

भिंगारच्या बाजारात माझ्या थोरल्या भावाचं, अण्णांचं, इलेक्ट्रिकचं दुकान होतं. आता ते सलीम चालवतो, अण्णांचा जुना वायरमन. कॉलेजातून परतताना मी तिथं चहाला थांबते. वायरचे तुकडे कितीही झाडले तरी कोपऱ्यात पुन्हा सापडतात, तसं अण्णांच्या किश्श्यांचं आहे. चहा संपतो, किस्से उरतात.

*

बाथटबजवळ दिवा लावायचा असला, की अण्णा आधी सलीमला कोरड्या टबात उभं करायचे आणि हात वर करायला लावायचे. सलीम सहा फुटांच्या वर. त्याचा हात पोचेल तिथवर ना दिवा, ना बटण.

एका बंगल्यातल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे एवढं उंच कुणीच नाही."

"पाहुणे येतात की," अण्णा म्हणाले.

*

शिंगणापूरजवळच्या एका लॉजवर गरम पाण्याचा मोठा टब बसवला होता. बाहेरच मेन बोर्ड, तारा उघड्या. मालक झाकण लावू देईना. "आमच्यात दार लावत न्हाईत. देवाचं गाव हाय."

अण्णांनी मान डोलावली, जाड झाकण आणलं आणि चारी कोपऱ्यांना स्क्रू पिळून बसवलं. मालक चिडला. अण्णा शांतपणे म्हणाले, "हे दार कुठंय? दार उघडतं."

मालकानं झाकण ओढून पाहिलं. उघडलं नाही. त्याचं समाधान झालं.

*

पाण्यातून, अंगातून वीज वाहू लागली तर क्षणात लाईन तोडणारा ब्रेकर असतो. त्याच्याविना अण्णा बाथरूमचं काम घेत नसत. तो बसवला की टेस्टचं बटण दाबायचे. खट् असा आवाज व्हायचा, दिवे जायचे आणि अंधारात अण्णा देवळात उभं राहिल्यासारखे गप्प.

एकदा मी विचारलं, "इतकं काय ऐकतोस?"

"कुणीतरी वाचलं बघ," अण्णा म्हणाले.

*

मीटरनं सगळं तपासून झालं, की नव्या टबात पहिली अंघोळ अण्णांची. ज्यानं जोडलं त्यानं आधी पाण्यात उतरायचं. त्यासाठी पिशवीत पंचा आणि साबण कायम. एका निवृत्त फौजी साहेबांनी विचारलं, "इतकं तपासलंत, तरी भरवसा नाही का?"

"आहे ना. म्हणून तर उतरतोय."

*

खर्ड्याकडच्या एका तात्यांनी नवा बंगला बांधला. अपघातात सुनेची कंबर दुखावली होती, तिला शेकायला गरम पाण्याचा टब घेतला आणि हौसेनं त्यावर झुंबर. तेही हाताला लागेल इतकं खाली.

अण्णा म्हणाले, "झुंबर इथं नको. आणि जो जोडेल, तोच आधी पाण्यात उतरेल."

"झुंबर हितंच ऱ्हाणार. आन तुमचा पंचा माझ्या हुकाला लागायचा न्हाई. पहिली अंघोळ सुनंची."

"मग मी जोडत नाही," म्हणून अण्णा परत आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अण्णा गेले. झोपेतच.

मग एक दिवस दुकानात तात्यांचा फोन आला. झुंबर दुसऱ्या वायरमननं जोडून दिलं होतं, पण सून टबात उतरेना. अण्णांचं बोलणं तिनं आतून ऐकलं होतं. "ती म्हणती, ज्यानं जोडलं त्यो उतरला का? त्याला इचारलं, तर त्यो मागंच सरकला. तुमी या."

"ताई, अण्णांची पिशवी घ्या सोबत," सलीम मला म्हणाला.

तो टबात उभा राहिला, हात वर केला. बोटं झुंबराच्या लोलकांना लागली. तात्या बघत होते. सलीमनं झुंबर उतरवून हॉलमध्ये लावलं, टबावर छतालगत पाणी न शिरणारा बंद दिवा बसवला. ब्रेकर घातला, बटण दाबलं. खट्. मग अण्णांचा पंचा हुकाला टांगून त्यानं दार लोटलं. आत पाण्याचा आवाज येत राहिला. सून काठी धरून बाहेर उभी होती.

सलीम ओल्या केसांनी बाहेर आला. स्वतःच्याच रुमालानं त्यानं डोकं पुसलं होतं. "जा बेटा," तो सुनेला म्हणाला आणि हुकावरचा कोरडा पंचा काढायला वळला.

तात्यांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या तितंच."