सावंतसरांच्या काळ्या पेशी

स्टाफरूममध्ये चहा दोनदा येतो, किस्से मात्र दिवसभर. मग ते इतके साचतात की कुठला कुणाचा हेही विसरायला होतं. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात साचले ते बहुतेक सावंतसरांचे. सर झूलॉजीचे, मी केमिस्ट्रीचा. दर सुट्टीत ते मुंबईच्या एका लॅबमध्ये त्वचेच्या काळ्या कॅन्सरवर पीएच.डी.चं काम करायचे. आपल्या कामाने एक तरी पेशंट बरा व्हावा, एवढीच त्यांची इच्छा. आता आठवलं की जीव हळहळतो.

*

एकदा मी विचारलं, "तिथे नक्की करता काय?"

सर म्हणाले, "पेशीत काही एन्झाइम्स बाहेरचा निरोप आतल्या जीन्सपर्यंत नेतात. आपला तुकाराम नोटीस वर्गावर नेतो, तसंच. ही एन्झाइम्स अडवली की काही जीन्स गप्प होतात, कॅन्सरची वाढ थांबते."

शिपाई तुकाराम कप गोळा करत होता. म्हणाला, "मंग सर, मला बी अडवा की. माजी रजा कदी मंजूर करताव?"

*

दिवाळीनंतर सर उतरल्या चेहऱ्याने परतले. एन्झाइम अडवूनही थोड्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. निरोप दुसऱ्याच वाटेने आत पोचला होता.

तुकारामने समजूत घातली, "मी रजेवर असलो तरी नोटीस पोचतेच की. पोरी खिडकीतनं सांगतात."

*

पुढच्या खेपेला ती दुसरी वाटही अडवली आणि काम जमलं. सरांनी प्रिन्सिपलना कौतुकाने सांगितलं, "यंदा जीन्स गप्प बसले."

"उत्तम. आता एस.वाय.चा वर्ग गप्प बसवा."

*

सरांना काळ्या डागांवर औषध सापडलं, अशी बातमी गावभर झाली. पूर्णगडची एक मासेवाली गालावरचा तीळ घेऊन आली. सर म्हणाले, "जन्मापासूनचा आहे ना? मग घाबरू नका."

"घाबरतंय कोन? घरधनी म्हनतो लकी हाय. वाढवायचं औषध असलं तर द्या."

*

मग तुकाराम लंगडायला लागला. टाचेवर काळा डाग होता. "काजूचा चीक लागलाय, जाईल," म्हणायचा. काजूच्या दिवसांत निम्म्या रत्नागिरीचे हातपाय काळे असतात, म्हणून आम्हीही मान डोलावली. सरांनी नीट पाहिलं तेव्हा जांघेत गाठ आली होती. सर ज्यावर काम करत होते तोच काळा कॅन्सर, आणि तो टाचेवरून वर पसरला होता.

मुंबईच्या हॉस्पिटलात आम्ही दोघे त्याला भेटायला गेलो. त्याने विचारलं, "सर, तुमचं ते औषध?"

सर म्हणाले, "तुकाराम, ते अजून माणसाला देता येत नाही रे. काचेच्या बशीत पेशी ठेवतो, त्यांच्यावरच चालतं."

तुकाराम पंख्याकडे बघत म्हणाला, "मंग माज्या थोड्या घ्या ना सर बशीत. त्या तरी बऱ्या व्हतील."