निवांत सहलीची पूर्वपाहणी

चहा घ्या, बिस्किटं घ्या, बसा हवा तितका वेळ. फक्त माझ्यासमोर 'निवांत' हा शब्द काढू नका. त्या एका शब्दापायी माझी जी फजिती झाली, ती आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात लोक पानठेल्यावर सांगतात, आणि मी शेजारी उभा असलो तरी सांगतात. त्यापेक्षा मीच सांगतो.

माझा साळा श्रीकांत. मूळचा अमरावतीचा, पण आठ वर्षांपूर्वी पुण्याला नोकरीला गेला आणि 'मले'चं 'मला' करून बसला. त्याचा फोन आला. "भाऊजी, मी आणि मृणाल दोन दिवस रायपूरला येतोय. एक दिवस शहर, एक दिवस जवळचं एखादं खेडं. पण यादी नको, धावपळ नको. अगदी निवांत."

मी म्हटलं, "झालं समज."

आता माझी अडचण बघा. मी छत्तीसगढच्या मंत्रालयात बाबू. राज्य नवीन झालं, राजधानी नवीन झाली, पण फाइल जुन्याच चालीने चालते, आणि तिच्यामागे मी. आमच्याकडे साहेब शेजारच्या जिल्ह्यात गेले तरी आधी दौऱ्याचा कार्यक्रम टाइप होतो. मग मी निवांतपणाचाही कार्यक्रम केला. 'शनिवार. ७.४० ते ८.०५, तलावाकाठी निवांत बसणे. ८.०५ ते ८.२०, गप्पा (ऐच्छिक).'

बायकोने, म्हणजे ताराने, तो कागद वाचला. "अवो, हे सहल आहे का बोर्डाची परीक्षा?"

"निवांत व्हाले बी नियोजन लागते," मी म्हटलं.

शहराचा दिवस बसला. खेड्याचा अडला. कारण खरं सांगू? जन्म रायपुरात गेला, पण खेडं मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेलं. म्हणून आधीच्या रविवारी मी एकटाच पूर्वपाहणीला निघालो. शेजारच्या तिवारीजींची पांढरी गाडी मागून घेतली. ती पूर्वी कुठल्याशा सरकारी कामावर भाड्याने लागलेली होती, आणि काचेवर लाल अक्षरांत 'शासकीय कार्य हेतु' तसंच राहिलेलं. मी म्हटलं, राहू दे, शोभून दिसते.

नव्या राजधानीचे ते रुंद रस्ते. रस्त्यावर दोन गाई आणि मी, आणि तिघांनाही सिग्नल लाल. तिथून पुढे अर्ध्या तासावर एक गाव लागलं. नाव सांगत नाही, तिथे मला अजून ओळखतात. तलाव होता, काठावर पिंपळ होता, पलीकडे धानाची शेतं. मला हवं ते सगळं एका जागी.

श्रीकांतच्या बायकोचे, मृणालचे, गुडघे दुखतात. म्हणून मी पिंपळापासून तलावापर्यंत पावलं मोजली आणि वहीत लिहिली. मग तलावापासून शेतापर्यंत. मग सावली कुठवर येते ते लिहिलं. एवढ्यात एक सायकलवाला थांबला. "साहेब, नाप-जोख चलत हे का?"

साहेब! चोवीस वर्षं नोकरी झाली, मला कोणी साहेब म्हटलं नव्हतं. ऑफिसात मी 'अरे, वो फाइल वाला' आहे. मी म्हटलं, "हव."

दहा मिनिटांत पंचवीस माणसं जमली. सरपंच खुर्ची घेऊन आले. त्यांनी विचारलं, "साहब, यहाँ क्या बनेगा?"

मला वाटलं, हे जेवणाचं विचारून राहिले. मी म्हटलं, "अभी पक्का नहीं है. ऊपर से पूछना पड़ेगा." आमच्या घरात 'ऊपर' म्हणजे तारा. तिचा स्वयंपाक, तिचा निर्णय.

"और कोई आएगा?"

"अगले रविवार पुणे से दो लोग आएँगे. आराम से देखेंगे."

'पुणे' ऐकल्यावर माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आता तुम्ही म्हणाल, इथे तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. तेवढ्यात सुकवारो दाई नावाची (तिकडे आईला दाई म्हणतात) एक म्हातारी माझा हात धरून मला आपल्या अंगणात घेऊन गेली. तिने मला गरम चिला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, दिला, टमाट्याच्या चटणीसोबत. मी तीन खाल्ले. मग तिने परसातली तीन पेरूची झाडं दाखवली आणि वहीवर बोट ठेवलं. "मोर पेड़ लिख ले, बेटा." म्हणजे माझी झाडं लिहून घे.

मी लिहिली. तिने विचारलं, "तरिया बचही न?" तलाव वाचेल ना?

तेव्हा कळलं. यांना वाटत होतं, मी पुण्याच्या कारखान्यासाठी जमीन घ्यायला आलेला मोजणीवाला. झाडं लिहिली तर निदान झाडांची भरपाई तरी मिळेल, म्हणून चिला. त्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिथल्या तिथे खरं सांगायला हवं होतं. पण बाहेर पंचवीस माणसं हात जोडून उभी, पोटात तीन चिले, आणि कानात अजून ते 'साहेब'. माझ्या तोंडून ऑफिसातलंच वाक्य निघालं. "देखते हैं."

आणि मी गाडी काढून घरी आलो.

आठवडाभर झोप नाही. तारालाही सांगितलं नाही. दुसरं गाव शोधायला वेळ नव्हता, आणि श्रीकांतला मी फोनवर तलावाचं इतकं वर्णन केलं होतं की बदल करायचा तर कारण द्यावं लागलं असतं. मनाशी म्हटलं, लोक विसरले असतील.

रविवारी आम्ही चौघं त्याच गाडीने पोचलो. पिंपळाखाली चार खुर्च्या, टेबलावर चादर, झेंडूचे हार. बाजूच्या पडीक रानात रांगेने रोपं लावलेली, बुडाची माती अजून ओली. दाईच्या तीन पेरूंचे तीस झाले होते. काही नुसत्याच फांद्या खोचलेल्या, पण उमेदीने उभ्या होत्या.

मृणालने हार घालून घेतला आणि डोळे पुसले. "किती प्रेमळ आहेत हो लोक. पुण्यात शेजारी दार उघडत नाहीत."

सरपंचांनी श्रीकांतला विचारलं, "साहब, आप लोग क्या लगाना चाहते हैं?"

श्रीकांत भारावलेला. "कुछ नहीं जी. हमको तो बस सुकून चाहिए."

सरपंच गंभीर झाले. "उसके लिए कितना एकड़ लगेगा?"

ताराने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली आहेत, तिला एक नजर पुरते. "अवो, तुमी काय करून आले इथं?"

मी उभा राहिलो. हात जोडून म्हटलं, "भैया, माफ करना. मैं नाप वाला साहब नहीं हूँ. किसी की ज़मीन नहीं जाने वाली. मैं तो घूमने की जगह देखने आया था."

मग मागून कोणी तरी म्हणालं, "घूमने? इहाँ?" आणि हशा पिकला. सरपंचही हसले, पण त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. माझ्याही.

फक्त सुकवारो दाई हसली नाही. पुढे येऊन तिने विचारलं, "त तैं काम का करथस?"

मी खालच्या आवाजात म्हटलं, "मंत्रालय में बाबू हूँ, दाई."

ती माझ्याकडे बोट दाखवून भरभर काहीतरी बोलली आणि आता मात्र सारा गाव लोटपोट. श्रीकांतला छत्तीसगढी कळेना. "ताई, काय म्हणाल्या त्या?"

ताराने पदराने तोंड पुसलं, माझ्याकडे पाहत अगदी सावकाश सांगितलं. "म्हणते, दिवसभर हिंडला, फुकटचं खाल्लं, वहीत लिहिलं अन् काहीच न करता निघून गेला. मंग सरकारी माणूस म्हणून मी वळखला, त्याच्यात माहं काय चुकलं?"