बाजेवरचे समाजशास्त्र

समोरच्या वर्गात कविता सुरू झाली की ढगे सर खडू टेबलावर ठेवत, उठून दार लावत आणि म्हणत, "झालं मराठीवाल्यायचं रडणं सुरू." वर्ग हसे. वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ते समाजशास्त्राचे विभागप्रमुख होते. मॅट्रिकनंतर आपण एकही कादंबरी वाचली नाही, हे ते दुसरा माणूस पदवी सांगतो तशा स्वरात सांगत.

मी त्यांचा विद्यार्थी होतो; पुढे जिल्ह्याच्या बातम्या लिहू लागलो. वर्गात आणि नंतर पत्रकार परिषदांत त्यांची तीच वाक्ये ऐकली. "माणसाले विचारा, माणूस सांगते. आपण फक्त मोजाचं." आणि कोणी लोकसाहित्याचे नाव काढले तर, "गाणं म्हणजे पुरावा नोहे."

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. आर्वी तालुक्यातल्या एका गावाला व्यसनमुक्तीचा पुरस्कार द्यायचा की नाही, हे ठरवण्यासाठी पाहणीचे काम सरांकडे आले. गावाबाहेर नाल्याकाठी मोहाची भट्टी चालू होती. ती बंद व्हावी म्हणून बायका ठाण्यात खेटे घालत होत्या. गाव व्यसनमुक्त ठरले तर त्यांचे कोणी ऐकणार नव्हते.

सर गेले, अंगणातल्या बाजेवर बसले. घरमालकाने चहा दिला. दारामागे उभ्या असलेल्या बाईला त्यांनी विचारले, "घरात कोणी दारू पिते का?" जिथे पिणे हाच गुन्हा, तिथे नवऱ्यादेखत ती काय सांगणार? "नाई जी." पुढच्या अंगणात पुन्हा बाज, पुन्हा चहा, पुन्हा तेच उत्तर. सरांनी निष्कर्ष लिहिला: गावात दारू कोणीही पीत नाही. असे गाव पृथ्वीवर सापडल्याचे त्यांना आश्चर्यही वाटले नाही.

सुजाता त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. तिची थोरली बहीण त्याच गावात दिलेली. भुलाबाईच्या दिवसांत ती बहिणीकडे गेली, तेव्हा संध्याकाळी भुलोजी-भुलाबाईच्या, म्हणजे शंकर-पार्वतीच्या, मूर्तीपुढे बसून पोरी-बाया गात होत्या:

"भुलोजी राजे नाल्यावर गेले,
घरी आले तं झुलत आले."

त्या गावच्या गाण्यात एरवी हे भुलोजी शेतावर जात. त्यांना नाल्यावर बायकांनी धाडले होते.

सुजाताने हे सरांना सांगितले. "काऊन वो, आता भुलाबाईले साक्षीले बोलावतं का?" सर म्हणाले. "गाण्यावरून किती घरं पितेत ते समजते का?"

प्रश्न बरोबर होता. त्यांच्या तोंडून निघालेला बहुधा तेवढाच. सुजाता समोरच्या वर्गातल्या मराठीच्या मॅडमकडे गेली. कोणत्या ओळी जुन्या आणि कोणत्या यंदा घातलेल्या, हे त्यांनी वेगळे करून दिले. मग त्या नव्या ओळी म्हणणाऱ्या बायकांना, पुरुष शेतात असताना, तिने एकेकटीला गाठून विचारले आणि मोजले. निम्म्याहून जास्त घरांत कोणी ना कोणी पीत होते.

"सर, तुमचीच पद्धत हाये," ती म्हणाली. "फक्त तुम्ही पिणाऱ्याच्याच बाजेवर बसून विचारून राह्यलते."

"मंग मराठीत एम.ए. कर," सर म्हणाले आणि त्यांनी ते प्रकरण प्रबंधातून काढायला लावले.

गावाला पुरस्कार मिळाला. बायका पुन्हा ठाण्यात गेल्या, तेव्हा ठाणेदाराने सरांचा अहवाल पुढे केला. त्या दिवाळीत सुजाताच्या बहिणीचा हात मोडला. सावंगीच्या दवाखान्यात तिने घसरून पडल्याचे सांगितले. शेजारी नवरा उभा होता.

सुजाताने मार्गदर्शक बदलला. आकडे आणि गाणी दोन्ही घेऊन, बायकांना सोबत घेऊन ती जिल्ह्याच्या साहेबांसमोर बसली. साहेबांनी आकडे वाचले. "पण तुम्ही तर आधी नाही म्हणाला होतात," ते बायकांना म्हणाले. बायकांनी तिथेच गाणे म्हटले. हात गळ्यात बांधलेली बहीण पहिल्या रांगेत होती. त्या आठवड्यात भट्टी फोडली गेली.

पुढे सर निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या बातमीसाठी मी गेलो आणि त्या गावाबद्दल विचारले. पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "माहा अभ्यास चुकला नाई. बाया खोटं बोलल्या."

हे वाक्य मी त्यांच्या नावासह जसेच्या तसे छापले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. बातमी छान आली म्हणून त्यांनी आभार मानले आणि अंकाच्या जास्तीच्या प्रती मागितल्या.