जीपचे ब्रेक

वज्रेश्वरीच्या गरम पाण्यात गुडघे शेकून आम्ही परत निघालो होतो. बायको शेजारी बसून शेंगा सोलत होती, माझ्या तोंडात दाणे टाकत होती. वळणावर बैलगाडी आडवी आली. माझी गाडी झाडावर गेली आणि बायको जागेवर संपली. मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागले न्हाईत.

दिवस-कार्य उरकल्यावर गाडी नारपोलीच्या एका मिस्त्रीकडे नेली. म्हटलं, ब्रेक लागले न्हाईत म्हणून बायको गेली, हिला जीपचे मोठे ब्रेक बसव. त्याचं नाव मी विचारलं न्हाय. ब्रेकच्या लोखंडी ड्रमवर टिचकी मारून कान लावायचा, हात लुंगीला पुसायचा. जीपचा ड्रम माझ्या चाकात मावेना, तर चाकंही जीपची घातली.

त्याची एक रीत होती. ब्रेक बसवले की स्वतः गाडीसमोर उभा राहायचा. मालकानं गाडी त्याच्या अंगावर आणून थांबवायची. तो उभा राहिला. माझा पाय हलेना.

"चलाओ चाचा. मेरे हाथ पे भरोसा नहीं?"

"तुझ्या हातावर हाय रे. माझ्या पायावर न्हाय. त्या दिवशी मीच उशिरा दाबला."

हे मी पहिल्यांदाच कुणाला बोललो. तो खिडकीपाशी आला.

"मालूम था, चाचा. पुराना ब्रेक खोला तभी समझा. अच्छा था वो. कल सुबह आओ, मैं फिर खड़ा रहूँगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खरंच उभा राहिला. मी वीस पावलं अलीकडंच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. तो हातानं पुढं बोलवत राहिला. मी गाडी बंद केली, खाली उतरलो आणि चालत जाऊन चावी त्याच्या हातात ठेवली.