बारा मिनिटांची बोट

सारंगकाकांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांच्या नोकरीची एकतीस वर्षं ढीग होऊन पडली होती. नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई त्या जुन्या नोंदवह्या घेऊन आल्या होत्या. पूल झाल्यावर बंद पडलेली फेरीबोट पुन्हा सुरू करायचं घाटत होतं, आणि ती चालवणाऱ्या माणसाशी त्यांना बोलायचं होतं. काका आतून हरखले होते, पण चेहऱ्यावर दाखवतील तर शपथ.

बाईंना प्रश्न फार. धुक्यात भोंगा कितीदा वाजवायचा? दोर आधी पुढचा टाकायचा की मागचा? काकांची कळी खुलली. मग बाईंनी वहीवर बोट ठेवलं. दर फेरीपुढे एकच आकडा, बारा मिनिटं. ऊन असो, पूर असो, बारा. फेरी पंधराच्या आत होत असेल तरच मंजुरी मिळणार होती, आणि या वह्यांच्या जोरावर ती मिळेल असं त्या म्हणाल्या.

चहा ठेवता ठेवता काकूंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की काकांनी नजर खिडकीबाहेर वळवली. नुसती मान डोलावली असती, तरी बोट परत पाण्यात उतरली असती. पण मग बोट हाकणाऱ्या नव्या सारंगाला ओहोटीतही हाच आकडा गाठावा लागला असता. घाईत धक्क्यावर आपटलेली बोट काकांनी एकदा पाहिली होती.

"ते खोटं आहे," ते म्हणाले. "बाराच्या वर लिहिलं की लेखी खुलासा द्यावा लागायचा. म्हणून सगळे बाराच लिहायचो. भरतीला बारा खरे. ओहोटीला एकोणीस."

घरीसुद्धा हे 'बारा मिनिटांत येतो' म्हणायचे आणि आपण तास धरायचो, असं काकूंनी सांगून टाकलं.

बाई हसल्या, पण एकोणीस का, हे त्यांनी सोडलं नाही. काकांनी कप-बशा मांडून दाखवलं. पलीकडचा धक्का साहेबांच्या ऑफिससमोर बांधलेला, त्यामुळे ओहोटीत बोटीला पाण्याच्या ओढीविरुद्ध तिरकं चढावं लागायचं. तोच खालच्या अंगाला, बर्फाच्या कारखान्यापाशी असता, तर चौदात पोचलो असतो.

"मग तेव्हा कुणाला सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही," काका म्हणाले आणि मध्येच थांबले. विचारणार कसं? वहीत सगळं वेळेवर होतं. धक्क्यावर ताटकळून लोक कंटाळले, पुलाकडे वळले, आणि काका इतकी वर्षं खापर पुलावर फोडत आले होते.

बाईंनी नकाशा उलगडून कारखाना कुठे ते विचारलं. काकांनी चष्मा काढून पुसला.

"एकदा जरी एकोणीस लिहिलं असतं ना," ते म्हणाले, "तर हा नकाशा तेव्हाच कुणीतरी उघडला असता."