बाहेर उघडणारं दार

राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. बाहुलीघराच्या दारांना बिजागऱ्या बसवता बसवता मी आजवर तीन हातोड्या भिंतीवर फेकल्यात, खिडकीची एक काच फोडलीय आणि शेजारी बसणाऱ्या बाईच्या कानाखाली एकदा जाळ काढलाय. तिनं माझा चिमटा न विचारता उचलला होता, एवढंच. नंतर मी तिला वडापाव आणून दिला. तिनं तो खाल्ला, पण तेव्हापासून ती माझ्यापासून हातभर लांब बसते.

जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत आमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या, सहा बाया आणि एक मॅडम. मॅडम गावातल्याच, दुकानदाराच्या घरातल्या. मुंबईची गिऱ्हाइकं त्यांनीच जोडली. आम्ही लाकडाची बाहुलीघरं बनवतो. घर दीड हात उंच आणि त्याची दारं बोटाएवढी. दार नुसतं रंगवलेलं चालत नाही, ते उघडायला आणि मिटायला लागतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण माझी बोटं बारीक आहेत. डोकं कसं आहे ते मॅडमना तेव्हा ठाऊक नव्हतं.

पितळेचा पातळ पत्रा घ्यायचा आणि कात्रीनं नखाएवढे दोन तुकडे कापायचे. त्यांच्या कडेला खाचा पाडायच्या आणि उरलेली कड टाचणीभोवती पकडीनं वळवायची, की बारीक नळ्या होतात. एका तुकड्याच्या नळ्या दुसऱ्याच्या खाचांत बसल्या पाहिजेत. एक तुकडा चौकटीला ठोकायचा, एक दाराला. मग दोन्ही जुळवून वरून टाचणी सोडायची, की दार लागलं. टाचणीचं टोक ठोकून बंद करायचं नाही, ही मॅडमची सक्त ताकीद. पोरं दार मोडतातच. टाचणी सुटी असली की ती ओढून मोडकं दार काढता येतं आणि नवं बसवता येतं. आणि दार नेहमी बाहेरच्या बाजूला उघडायचं. आत उघडलं तर आतली इवलीशी खाट आणि खुर्च्या आडव्या होतात.

मी स्वतः बिजागरीचं दार असलेल्या घरात वाढले नाही. जामसरच्या बाजूला दुसऱ्याच्या शेताच्या कडेला आमचं कारवीच्या काठ्या विणलेल्या कुडाचं घर होतं. दार म्हणजे ताटी. उचलायची आणि बाजूला ठेवायची. दिवाळीनंतर सगळे वीटभट्टीवर निघालो की ती बाहेरून सुतळीनं बांधायची, कुत्री आत शिरू नयेत म्हणून. आतून बांधायची असते हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आत येणारा घरचाच, आणि मारणाराही घरचाच. बा आईला मारायचा, आई आम्हां दोघी बहिणींना, आणि मी कोंबड्यांना दगड. माझी मोठी बहीण, तिला मी बाय म्हणते, ती तेवढी कुणालाच मारत नसे. माझ्या वाटचे फटकेही बरेचदा तीच खायची. आई काठी घेऊन आली की ती माझ्या पुढे येऊन उभी राहायची, आणि मी तिच्या मागून आईला शिव्या घालायचे.

बायला मोखाड्याच्या बाजूला दिली. नवरा ठाण्याला बिल्डिंगच्या कामावर जाणारा. तो दारू पीत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मारतो म्हटलं की लोक लगेच विचारतात, पितो का? नाही, पीत नाही. शुद्धीत मारतो. आधी घड्याळ काढून ठेवतो. चार माणसांत इतका गोड बोलतो की मॅडमनाही तो आवडला होता.

एकदा बाय मार खाऊन माझ्याकडे निघून आली. पाठीवर वळ, आणि वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला. दोन दिवसांनी तो तिला न्यायला कारखान्यात आला. मी त्याच्या अंगावर जाणार होते, पण बाय म्हणाली, "तमाशा नको." मग मी दात आवळून बसले. तो स्टूल ओढून माझ्या टेबलापाशी बसला आणि बाहुलीघराचं दार बोटानं उघडून बघायला लागला.

"क्या बात है, मेवणीबाई! हा निंगतो कसा?"

माणूस कसाही असो, आपल्या कामाचं कौतुक केलं की आपण पाघळतो. मी चिमट्यानं टाचणी ओढली. दार सुटून त्याच्या तळहातावर पडलं. मी टाचणी परत सोडली, दार परत लागलं. त्यानं मला पुन्हा एकदा करायला लावलं. मी केलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू?

बायला मी सांगून पाहिलं की जाऊ नकोस, माझ्या खोलीवर राहा. ती मोठ्यानं बोलत नाही, पण हटतही नाही.

"घर मी बांधलाय, मी लिपलाय. मी कशाला सोडू? तू मना एक कर. आतून लागंल असा दार दे."

तिला एवढंच हवं होतं. तो आला की आपण आत आणि तो बाहेर. राग उतरेपर्यंत तरी.

ते दार मी चौकटीसकट बनवलं. फळ्या कारखान्यातल्या खोक्यांच्या, मॅडमना विचारून घेतलेल्या. बिजागऱ्या जव्हारच्या दुकानातून आणल्या. दुकानदारानं दोन तऱ्हा दाखवल्या, एकीची पिन दोन्ही टोकांना पक्की ठोकलेली आणि दुसरीची सुटी. मी सुटी घेतली. हाताला तीच सवय होती. शिवाय एकटीनं दार लावायचं तर बिजागरीचं एक पान चौकटीला, एक पान दाराला, मग जुळवून वरून पिन सोडायची, हेच सोपं. दार जीपच्या टपावर बांधून मोखाड्याला नेलं आणि तिथून दोघी बहिणींनी डोक्यावर.

घरात दाराच्या मागेच चूल होती. दार आत उघडलं असतं तर चुलीवर आपटलं असतं. म्हणून मी ते बाहेर उघडणारं लावलं, जशी शेकडो लावली होती तसंच. तिन्ही बिजागऱ्यांच्या नळ्या अंगणाच्या बाजूला, उन्हात चकाकत. आतून अंगठ्याएवढी जाड कडी. बायनं दार लावलं, कडी घातली, आतून मला हाक मारली आणि म्हणाली, उघड. मी ओढलं, खांद्यानं ढकललं, लाथा घातल्या, शिव्या दिल्या. दार हललं नाही. आत ती हसत होती. तिला तसं हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मागच्या कुडाला एक भोक होतं. नवरा आला की ती त्यातून निघून शेजारणीकडे पळायची, नाहीतर ओहोळात जाऊन बसायची. ते भोक तिनं त्याच दिवशी शेणमातीनं बुजवलं. माती मीच कालवून दिली.

महिन्याभरानं तो ठाण्याहून आला. भर दुपारी. बायनं त्याला शेताच्या वाटेवर बघितलं आणि ती पहिल्यांदाच पळाली नाही. आत गेली, कडी घातली आणि तांदूळ निवडत बसली. त्यानं हाका मारल्या, मग लाथा मारल्या. दार हललं नाही. मग लाथा थांबल्या. थोड्या वेळानं टक टक असा आवाज यायला लागला. पुढचं तिनंच मला दवाखान्यात सांगितलं.

"मना वाटला, दमला. आता दगड मारतो बसून. मना हसू आला."

तो दगडानं आणि मोठ्या खिळ्यानं खालून पिना वर सारत होता. पहिली, दुसरी, तिसरी. तिन्ही निघाल्या तशी त्यानं बिजागरीकडची कड धरून दार ओढून काढलं आणि नीट भिंतीला टेकवून ठेवलं. घड्याळ काढलं. आत आला आणि म्हणाला, "तुझ्या बहिणीनंच शिकवला." मग कोपऱ्यातलं मुसळ उचललं.

पूर्वी ती पळायची तेव्हा निदान शेजारणीचं दार गाठेपर्यंत लोक बघायचे, कुणीतरी मध्ये पडायचं. या वेळी सगळं घराच्या आत झालं. डावा हात दोन ठिकाणी मोडला, बरगड्या गेल्या, एका कानानं ऐकू येईनासं झालं. शेजारणीनं नंतर आत डोकावलं तेव्हा ती तांदळात पडलेली होती आणि तांदूळ लाल झाले होते. जीपमध्ये घालून तिला जव्हारला आणलं.

दवाखान्यात तिनं हे सगळं काही तक्रार न करता सांगितलं. त्याचे शब्दही सांगितले. मी बाहेर आले आणि भिंतीवर इतके बुक्के मारले की नर्सनं माझ्याच हाताला पट्टी बांधली. मला स्वतःला मारायचं होतं. पण स्वतःला मारण्यात मजा नाही, म्हणून मी त्याला शोधत मोखाड्याला गेले.

बाजाराचा दिवस होता. तो जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला होता, गाडी भरायची वाट बघत. मी कॉलर धरून त्याला खाली ओढलं आणि चप्पल काढली. चप्पल तुटली तेव्हा पिशवीतली हातोडी काढली, माझी कामाची, जेमतेम वीतभर. तेवढ्या हातोडीनंही दात पडतात. दोन पडले. तो हात जोडत होता, "मेवणीबाई, मेवणीबाई" करत होता. लोकांनी मला मागे ओढलं तेव्हा मी एका माणसाच्या हाताला चावले. मला वाईट वाटलं असं मी कितीही वेळा सांगितलं तरी खोटंच असेल. मला गोड वाटलं. इतकं गोड मला आयुष्यात दुसरं काही वाटलेलं नाही. नंतर पोलिसांनी दोघांच्याही तक्रारी लिहून घेतल्या. केस चालू आहे. तो ठाण्याला निघून गेला, तो परत फिरकला नाही.

बाय माझ्या खोलीवर राहायला आली. डावा हात जुळला पण कोपरात वाकडाच राहिला, सरळ होत नाही. मी तिला पहिल्याच दिवशी शब्द दिला. म्हटलं, "इथं तुझ्यावर कुणी हात उचलणार नाही. कुणी उचलला तर त्याचा हात ठेवणार नाही." ती नुसती मान हलवून भाकरी थापायला बसली. एका हातानं थापत होती.

मग मॅडमनी तिलाही कामावर घेतलं. वाकड्या हातानं ती घर धरायची आणि उजव्यानं काम करायची. हळू, पण नीट. बिजागरी मीच शिकवली. महिनाभर ती माझ्याच टेबलापाशी बसत होती आणि मी एकदाही आवाज चढवला नाही. बाकीच्या बाया एकमेकींकडे बघून हसायच्या.

त्या दिवशी मोठी ऑर्डर दुपारच्या टेम्पोनं जायची होती. सकाळी मी पत्रा आणायला बाजारात गेले होते. उरलेल्या घरांची दारं बायवर सोपवली होती. परत आले तर सगळी दारं लावून झाली होती. एक उघडायला गेले तर ते बाहेर येईना. आत ढकललं, तेव्हा उघडलं आणि आतली खाट उलटी झाली. दुसरं बघितलं, तेही आत. सगळीच आत उघडणारी. टाचणी ओढायला चिमटा लावला, तर निघेना. बायनं एकेका टाचणीची दोन्ही टोकं ठोकून चपटी केली होती. नळ्या सगळ्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसतही नव्हत्या. एकही दार लाकूड न फोडता निघणार नव्हतं.

"हे काय केलंस?" मी ओरडले.

"आता बाहेरून निंगायचा नाय," ती म्हणाली. तिला वाटलं होतं मी शाबासकी देईन.

मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला टेम्पो दिसत होता, मॅडमचा चेहरा दिसत होता, वाया गेलेलं लाकूड दिसत होतं. मी तिची अक्कल काढली, हात मोडलाय तसं डोकंही मोडलंय का म्हणाले. पहिलं घर उचलून जमिनीवर आपटलं. त्याचे तुकडे भिंतीपर्यंत उडाले. आणि हातोडी घेतलेला माझा हात वर गेला. घराच्या अंगावर नाही, तिच्या अंगावर. मी मारणार होते. यात शंका नको, मी मारणारच होते.

कारखान्याचं गल्लीकडचं दार सताड उघडं होतं. बाय पळाली नाही. ओरडलीही नाही. चांगल्या हातानं तिनं वाकडा हात पोटाशी धरला, मान खाली घातली आणि बाकीच्या बायांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात मला म्हणाली, "मार. पन आधी दार लाव. लोका बघतात."