हिरूचं दूध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, मुलाला तर नाहीच. त्याच्यापायी झालं... नाही, त्याच्यापायी नाही, माझ्यामुळे झालं. बघा, तोंड उघडलं नाही तोच मी तान्ह्या पोरावर ढकलायला निघाले! इतक्या वर्षांची सवय आहे ही, अशी सुटायची नाही.

लोक मला काय म्हणतात, ठाऊक आहे? देवीच्या तोंडातून पोर ओढून काढलं हिनं! हळदीकुंकवाला अजून कुणी ना कुणी नव्या सुनांना ते सांगतं. मी मान खाली घालते आणि त्यांना तो विनय वाटतो. माझ्या अंगाचा तिळपापड होतो — त्यांच्यामुळे नाही, त्या खाली घातलेल्या मानेमुळे.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. आम्ही घाटकोपरला राहत होतो. हे सकाळी कचेरीत गेले की दिवेलागणीला परत यायचे. पोर दीड महिन्याचं असताना माझं थान पिकलं, डॉक्टरांनी चिरा दिला आणि दूध आटलं. वरच्या दुधानं पोराला हगवण लागली. डब्यातली पावडर आणली, तीही ठरेना. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या.

हिरू माहुलहून मासे घेऊन यायची. तोंडभर देवीचे व्रण, लहानपणीचे. आवाज असा की गल्लीच्या टोकाला ती बोलली तर आम्ही ताट घेऊन दारात. तिचीही मुलगी माझ्या पोराएवढीच, चांगुणा नाव. तिला सासूजवळ ठेवून ही पाटी उचलायची. एक दिवस मागच्या जिन्यात तिनं पोराचं रडणं ऐकलं. पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "बाय, माजा दूध वाहून चाललाय, नि तुजा पोर उपाशी? आन त्याला इकडं."

त्या दिवसापासून रोज दुपारी ती त्याला स्वयंपाकघरात बसून पाजायची. दार मी लावून घ्यायची. कुणापासून लपवत होते? शेजारणींपासून, नवऱ्यापासून. कोळणीच्या पाटीतली सुरमई आम्हाला चालायची, पण कोळणीचं दूध? छे, छे! तिला ते कळत नव्हतं असं समजू नका. उठताना ती स्वतःच कडी काढून आधी जिन्यात डोकावून बघायची, कुणी नाही ना म्हणून. पोरानं महिन्याभरात बाळसं धरलं.

मग देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, आला. समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीचा दंड टोचल्यावर टरारून सुजला होता, चार दिवस पोरगी तापली होती. मी घाबरले... घाबरले म्हणणं फार सोपं आहे हो! घाबरट बाईला लोक क्षमा करतात. मी घाबरले नव्हते, मी शहाणी झाले होते. मॅट्रिक झालेली ना मी! मी हिशेब केला — हिरूला देवी येऊन गेल्यात, एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, तेच बळ तिच्या दुधातून पोरात उतरलं असणार. मग सुई कशाला?

नको म्हणायचं धाडसही नव्हतं. पोराला पुढे केलं, दोन्ही दंडांवर टोचून घेतलं, आणि तो माणूस जिना उतरायच्या आत मोरीत जाऊन लिंबू पिळून, फडक्यानं खसाखसा पुसून काढलं. पोर किंचाळत होतं. मी पुसत होते.

आठव्या दिवशी तो फोड बघायला आला. पोर आत झोपलंय म्हणाले. फोड आले का? आले. "मग झालं तर, तुमच्यासारख्या शिकलेल्या घरी काय तपासायचं, बाई," म्हणाला आणि वहीत लिहून गेला. शिकलेलं घर!

आणि हे इथवरच राहिलं असतं तर एक वेळ ते माझ्या घरातलं पाप होतं. पण पुढच्याच आठवड्यात हिरूनं मला विचारलं. माहुललाही टोचायला माणूस येणार होता, तिची सासू नको म्हणत होती. "तू शिकलेली हायस. मना सांग, पोरीला टोचू का नको?" काय बिघडलं असतं टोच म्हणाले असते तर? पण तसं म्हटलं असतं तर मी स्वतः केलं ते चूक ठरत होतं. म्हणून मी तिला सांगितलं, तुझ्या अंगात देवी येऊन गेल्यात, त्यांचं बळ दुधातून उतरतं, तुझ्या पोरीला काय होतंय? तिला केवढं बरं वाटलं! स्वतःच्या व्रणांवरून हात फिरवत हसली.

त्यानंतर आम्ही कुर्ल्याला नणंदेकडे बारशाला गेलो. तिच्या चाळीत दोन घरांत देवीचा आजार होता, हे तिथं गेल्यावर कळलं. पोराला मांडीवर घेऊन मी तिथं जेवले. बारा-तेरा दिवसांनी पोर तापलं. मला वाटलं, दात येतायत. त्या दिवसांत हिरूची सासू आजारी, म्हणून ती चांगुणाला बरोबर आणायची. एका मांडीवर माझा, एका मांडीवर तिची. दोन दिवस अशीच पाजत होती. मग पोराच्या तोंडावर पुरळ उठलं.

म्युनिसिपालिटीचा माणूस आला. वहीत टोचल्याची नोंद होती. मग आजार आला कुठून? कुठे गेला होतात? कुर्ला माझ्या जिभेवर होतं. नणंदेचं नाव निघेल, मग दंड बघतील, दंडावर काहीच नाही... मी म्हणाले, माहुलची कोळीण रोज येते.

एवढंच म्हणाले. तेव्हा चांगुणा धडधाकट होती.

माझं पोर वाचलं. चांगुणा बारा दिवसांनी तापली आणि आठवड्यात गेली. आमच्या बिल्डिंगीत सगळ्या म्हणाल्या, बघा, तिच्याच घरात होतं ना? आधी कोण, मागून कोण, दिवस कुणी मोजले? मी मोजले होते. माहुलच्या एकाही कोळणीला पुढे कितीतरी महिने कुणी जिना चढू दिला नाही. मीही त्यांच्यात उभी होते, पदर नाकाला लावून.

एक दिवस दुपारी मागच्या दारावर थाप पडली. हिरू होती. पाटी नव्हती. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच बसली. तिचं लुगडं छातीपाशी ओलं होतं — दूध अजून आटलं नव्हतं. खाली बघत म्हणाली, "बाय, तूच बोललीस ना, माजे अंगातली देवी दुधातून उतरते म्हनून? तीच उतरली गो. माजी पोर गेली ती गेली, पन तुजे पोराला मी मारत व्हते. मना माफ कर."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पोर आत खेळत होतं, त्याचा आवाज येत होता.

मी म्हणाले, "जाऊ दे हिरू, माझ्या मनात काही नाही."

तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागे घेतले नाहीत.